सावकाश पोहणाऱ्यांचे शेजारी

घरी कुणी नवं माणूस आलं आणि माशांच्या टाकीसमोर दोन मिनिटं थांबलं, की एक प्रश्न हमखास येतो: एवढी मोठी टाकी, आणि मासे तीनच? माझ्याकडे लाल टोपीचा एक ओरांडा आणि दोन ब्लॅक मूर आहेत. हे फॅन्सी गोल्डफिश, म्हणजे माणसाने हौसेने निवडून वेगळं रूप दिलेले गोल्डफिशचे प्रकार. बघणाऱ्याला टाकी अर्धी रिकामी वाटते आणि मग सूचना सुरू होतात. चार-पाच गप्पी सोडा. टायगर बार्ब किती छान दिसतात. काच साफ ठेवायला एखादा सकर तरी हवाच. सूचना प्रेमाने केलेल्या असतात, टाकी नांदती दिसावी एवढीच त्यामागे इच्छा असते. पण हा प्रश्न आपण सगळे काचेच्या बाहेर उभं राहून विचारतो. तोच ओरांड्याच्या बाजूने विचारून पाहिला, तर उत्तरं फार बदलतात.

ओरांड्याची बाजू समजून घ्यायची तर त्याच्या शरीरापासून सुरुवात करावी लागते. गोल्डफिश हा मुळात चीनमधला, कार्पच्या कुळातला, करड्या-हिरवट रंगाचा साधा मासा. सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, त्यात अधूनमधून निपजणारे लाल-सोनेरी मासे वेगळे काढून बागेतल्या तळ्यांत पाळले जाऊ लागले. पुढे मिंग काळात ते कुंड्यांमध्ये, घरांमध्ये आले आणि तिथे त्यांचं रूप झपाट्याने बदललं. तळ्यात जगायला चपळाई लागते. कुंडीत खाणं आयतं मिळतं आणि बगळा येत नाही. त्यामुळे आखूड अंगाचे, दुहेरी शेपटीचे, डोळे बाहेर आलेले मासेही तिथे जगले, आणि माणसांनी हौसेने नेमके तेच निवडून त्यांची वीण वाढवली. दुहेरी शेपटीचं मूळ कॉर्डिन नावाच्या जनुकाशी संबंधित एका बदलात आहे, हे संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. अंड्यात वाढतानाच पिल्लाच्या शेपटीचा सांगाडा दुभंगतो. नदीत असं पिल्लू फार दिवस टिकलं नसतं.

म्हणजे ओरांड्याची ती झुलती, संथ चाल शेकडो वर्षांच्या मानवी आवडीतून आली आहे. त्याला पळता येत नाही, कारण पळता न येणारे मासेच आपल्याला सुंदर वाटत आले. मग त्याला पळावं लागणार नाही असा शेजार देणं हेही आपल्याकडेच येतं. सोबतीचा सगळा विचार मी इथून सुरू करते.

पहिला उमेदवार बहुतेक वेळा सकर असतो. ठिपक्याठिपक्यांचा, काळसर, काचेला तोंडाने चिकटलेला. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि शेवाळ खातो, टाकी स्वच्छ ठेवतो, अशी त्याची ओळख करून दिली जाते. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, नीट वाढला तर दीड फुटाच्या आसपास जातो. लहानपणी तो खरंच शेवाळ खरवडतो. मोठा झाला की शेवाळावर त्याचं भागत नाही. तो रात्री हिंडतो, आणि फॅन्सी गोल्डफिश रात्री तळाशी जवळजवळ न हलता विसावलेला असतो. त्याच्या रुंद कुशीवर बुळबुळीत स्रावाचा जो थर असतो, तो सकरसाठी पौष्टिक खाणं ठरतो. एकदा त्याची चव लागली की सकर पुन्हा पुन्हा त्यालाच चिकटतो. माझ्या एका मैत्रिणीच्या ओरांड्याच्या अंगावर सकाळी गोल, फिकट चट्टे दिसायचे. खवले निघालेले असायचे. तिने पाणी बदललं, औषध घातलं, दुकानात विचारून मीठ टाकलं. अखेर एका रात्री उशिरा स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठल्यावर तिला सकर माशाच्या कुशीला लागलेला दिसला, तेव्हा उलगडा झाला.

तो थर गेला की मासा उघडा पडतो. परजीवी, जिवाणू, बुरशी यांना पहिला अडसर त्याच थराचा असतो. म्हणून सकरचा चट्टा वरवरचा दिसला तरी दुखणं तिथे थांबत नाही. सकर माशांची विष्ठा खातो, ही समजूतही घट्ट बसलेली आहे. तो ती खात नाही. उलट स्वतःची भरपूर भर घालतो. काचेवरचं शेवाळ चुंबकाच्या घासणीने आठवड्याला पाच मिनिटांत निघतं. एवढ्या कामासाठी एका जिवाला दुसऱ्या जिवाच्या अंगावर सोडायचं, हे मला पटत नाही. सोनेरी रंगाचा, निमुळत्या तोंडाचा आणखी एक मासा ‘अल्गी ईटर’ म्हणून मिळतो. तो आग्नेय आशियातला. वयात आला की तो चांगलाच आक्रमक होतो आणि रुंद, संथ माशांना चिकटायची खोड त्यालाही असते.

बाकीच्या उमेदवारांबद्दल एवढं लांबलचक बोलायची गरज नाही. टायगर बार्बला हलती शेपटी दिसली की तो चावा घेतो, आणि ओरांड्याची शेपटी दिवसभर त्याच्या समोर हलत असते. दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारं चंदेरी पिल्लू हे पंगॅसियसचं पोर. तोच मासा हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो. तळ्यात तो मीटरभर वाढतो आणि घरच्या टाकीत घाबरून काचेवर धडका देत राहतो. कोई कार्प गोल्डफिशचा नातलग खरा, पण त्याची जागा बागेतल्या हौदात. पॅरट, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न या दांडग्या, भांडखोर माशांचं नावही काढू नये. उलट्या बाजूने पाहिलं तर गप्पी, निऑन टेट्रा, कोळंबीची पिल्लं यांना धोका गोल्डफिशचा असतो. गोल्डफिश शिकारी नाही, पण तोंडात मावेल ते तो खाऊन बघतो. कोरिडोरास नावाचा छोटा, गुणी मासा तळ साफ करायला म्हणून सुचवला जातो. त्याच्या पंखांना ताठ काटे असतात आणि तो ते उघडून रोखू शकतो. मोठ्या गोल्डफिशने त्याला तोंडात घेतलं, तर काटे घशात अडकून दोघंही जायची भीती असते.

आता आपल्या हवेबद्दल. गोल्डफिश थंड पाण्याचा, गप्पी-टेट्रा उबदार पाण्याचे, म्हणून दोघांना एकत्र ठेवू नये, हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. थंडीत टाकीला हीटर लावावा लागतो अशा देशांत तो लिहिला गेला. ठाण्यात माझ्या टाकीचं पाणी वर्षातला बराच काळ हीटरशिवायच २७-२८ अंशांवर असतं आणि मे महिन्यात तीस ओलांडतं. त्यामुळे दुकानदार जेव्हा सांगतो, “ताई, इथे सगळे एकत्र जगतात,” तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने ते रोज पाहिलेलं असतं. पण जगण्याला काही अर्थ असावा. फॅन्सी गोल्डफिशला साधारण १८ ते २३ अंशांत बरं वाटतं. त्याहून गरम पाण्यात त्याचं शरीर जोरात चालतं, भूक वाढते, श्वास वाढतो. आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय मासे कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतात, त्यातला विषारी भाग पाणी तापलं की वाढतो.

म्हणजे मे महिन्यात टाकीत नवा मासा सोडायचा, तर तो एका आटत चाललेल्या साठ्यात वाटेकरी होऊन येतो. तो भांडकुदळ नसेल, शेपटी चावत नसेल, दिसायला लाघवी असेल, तरी श्वास घेणारच. त्यात दुपारी वीज गेली की एअर पंप बंद, फिल्टर बंद. अर्ध्या-पाऊण तासात मासे वर येऊन तोंड पाण्याच्या कडेशी आणतात आणि हवा ओढू लागतात. गर्दीच्या टाकीत हे फार लवकर घडतं. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा पंप आहे. उन्हाळ्यात टाकीचं झाकण काढून वर जाळी ठेवते आणि पाण्यावर छोटा पंखा सोडते. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाची बाटली टाकायचा उपाय मी करत नाही, कारण तापमान एकदम खाली जाऊन पुन्हा चढणं माशाला जास्त बाधतं. तापमान जुळत नाही हा थंड देशांतला आक्षेप आपल्याकडे थोडा सैल पडतो हे मान्य. पण मोजकेच मासे ठेवण्याची गरज आपल्याकडे तिथल्यापेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग गोल्डफिशबरोबर गोल्डफिशच ठेवायचे, हे उत्तर येतं. ते बरोबर आहे, पण तिथेही निवड करावी लागते, आणि बहुतेक घरांत गडबड इथेच होते. दुकानातला सगळ्यात स्वस्त गोल्डफिश म्हणजे कॉमेट: लांब अंग, एकेरी शेपटी, बाणासारखा वेग. ओरांड्याबरोबर एक जोडी कॉमेटची घेतली जाते, कारण दोन्ही गोल्डफिशच. कॉमेट आणि ठिपक्यांचा शुबंकिन हे तळ्याचे मासे; ते फूटभर वाढू शकतात. ते ओरांड्याला चावत नाहीत, त्रास देत नाहीत. ते फक्त आधी पोहोचतात.

आणि गोल्डफिशच्या आयुष्यात आधी पोहोचणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्याला जठर नसतं. अन्न घशातून सरळ आतड्यात जातं, साठवण होत नाही, म्हणून तो दिवसभर शोधत, चिमटीचिमटीने खात असतो. दाणे पाण्यावर पडले की कॉमेट तीन फुटांची टाकी दोन झटक्यांत पार करतो. ओरांडा वळून, शेपटी सावरून, डोलत येईपर्यंत पाण्यावर काही उरत नाही. पंगतीत सावकाश जेवणाऱ्याच्या पानात वाढप्याने दुसऱ्यांदा यायच्या आतच वाढणं संपावं, तसं रोज, दोन्ही वेळा. मासा ओरडत नाही. तो हळूहळू बारीक होतो, पाठीची कड दिसू लागते, आणि घरातले म्हणतात, खायला तर भरपूर घालतो.

माझ्याकडच्या मूरांमुळे मला हे रोज जवळून दिसतं. ब्लॅक मूरचे डोळे दांडीवर आल्यासारखे पुढे असतात, पण नजर अधू असते. दाणा अगदी नाकापुढून गेला तरी तो चुकतो आणि मग वासाने शोधतो. ओरांड्याला त्यांच्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून सकाळी मी आधी ओरांड्याला उजव्या कोपऱ्यात थोडे दाणे दाखवते आणि तो तिकडे रमला की डाव्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी, बुडणारे भिजवलेले दाणे टाकते. मूरांना ती जागा पाठ झाली आहे. टाकीवर माझी सावली पडली की दोघं तिथे येऊन तळ हुंगू लागतात. अलीकडे ओरांड्याच्या डोक्यावरची लाल गादी वाढून डोळ्यांकडे उतरू लागली आहे, तेव्हा त्यालाही पुढेमागे कमी दिसू लागेल. मग त्या तिघांची जोडी आणखी जमेल, असं वाटतं.

निवडताना जातीचं नाव पाहण्यापेक्षा कोण किती वेगाने पोहतो आणि कुणाला किती दिसतं, एवढं पाहिलं तरी पुरतं. फॅनटेल, र्‍युकिन, ओरांडा यांचं आपसात बरं जमतं. त्यातला र्‍युकिन जरा दांडगा असतो, खाण्यावर पुढे घुसतो. पर्लस्केलचं अंग चेंडूसारखं, त्याला संथ सोबतीच हवेत. रंचू आणि लायनहेड यांच्या पाठीवर पंखच नसतो. तो पंख पोहताना तोल धरतो. तो नसल्यामुळे हे मासे डुलत, वेळ घेत वळतात. त्यांना त्यांच्यासारखेच द्यावेत. सेलेस्टियलचे डोळे कायम आकाशाकडे, त्याला तळाशी पडलेला दाणा दिसत नाही. बबल आयच्या डोळ्यांखाली पाण्याने भरल्यासारख्या पातळ पिशव्या असतात. फिल्टरच्या तोंडाने त्या ओढल्या जाऊ शकतात, टोकदार शोपीसला लागून फुटू शकतात. या दोघांना माझ्या मते इतर कुणाबरोबरही ठेवू नये. त्यांची वेगळी टाकी असावी, फिल्टरच्या तोंडाला स्पंज असावा आणि आत एकही कड नसावी. एवढं जमणार नसेल तर ते दुकानात कितीही खुणावोत, घरी आणू नयेत.

आपल्याकडे मासे जोडीने विकले जातात. त्या जोडीत नर-मादी असतीलच असं नाही, लहान वयात ते ओळखूही येत नाही. वयात आल्यावर नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे बारीक दाणे येतात, आणि तो मादीच्या मागे लागून तिला ढोसण्या देत राहतो. पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते, काही जण दाण्यांना रोग समजून औषध टाकतात. दोन नर एकाच मादीमागे लागले तर ती थकून जाते. अशा वेळी मध्ये जाळी लावून तिला काही दिवस विश्रांती द्यावी.

संख्येचा विषय निघाला की आठ सोनेरी आणि एक काळा, ही फेंगशुईमधली नवाची मांडणी बहुतेक घरांत कुणीतरी ऐकलेली असते. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला लिटरांबद्दल म्हणायचं आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. सर्रास विकली जाणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. खडी, हवा आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस-पन्नास. फॅन्सी गोल्डफिश पाळणारे अनुभवी लोक पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतात. या हिशोबाने माझी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी तीन माशांतच भरली. नऊ माशांना ३९५ लिटर लागतील, म्हणजे पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, तिच्या मापाचं स्टँड आणि चारशे किलोंच्या वर वजन पेलणारी जमीन. हे सगळं असेल तर नऊ मासे जरूर आणावेत. दोन फुटी टाकीत नऊ सोडले तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पाणी दुधाळ होतं आणि एकेक मासा कडेला पडू लागतो, कारण अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायलाच महिना-दीड महिना लागतो.

गोल्डफिशपलीकडची सोबत हवीच असेल, तर दोन-तीन नावं मी मनापासून घेते. डोजो लोच हा पूर्व आशियातला, ईलसारखा लांबट, मिशाळ मासा. थंड पाणी त्याला मानवतं, स्वभाव शांत, आणि गोल्डफिशच्या तोंडात मावणार नाही इतका तो वाढतो. हवेचा दाब बदलला की तो अस्वस्थ होऊन वरखाली फिरू लागतो. वादळी हवेच्या आधी त्याला पाहण्यात वेगळीच मजा आहे. त्याला पुरून घ्यायला बारीक वाळू लागते आणि टाकीवर घट्ट झाकण किंवा जाळी लागते, कारण तो उडी मारून बाहेर पडतो. तोही गटात रमतो, म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा लिटर मोजायचे. व्हाइट क्लाउड माउंटन मिनो हा दक्षिण चीनमधला चिमुकला मासा थंड पाण्याचा म्हणून सुचवला जातो, पण तो दीड इंचाचा. गोल्डफिश लहान असेपर्यंत ठीक, मोठा झाला की तो चालत नाही. मिस्टरी स्नेल ही मोठी गोगलगाय मात्र बहुधा टिकते. गोल्डफिश तिच्या मिशा चाखून बघतात, हे पाहून ती मिटून बसत असेल तर तिलाही सोडवावं. आणि वनस्पतींची सोबत आहेच: अनुबियास, जावा फर्न यांची पानं चिवट असतात, दगडाला बांधली की उपटली जात नाहीत. कोवळी पानं मासे दोन दिवसांत फस्त करतात.

कुणीही नवा मासा येवो, त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावं. दुकानात अनेक ठिकाणचे मासे एका पाण्यात फिरलेले असतात. पांढरे ठिपके, कल्ल्यातले परजीवी हे पहिल्या दिवशी दिसत नाहीत. टब साधा चालतो, पण जाळी आणि नळी त्याची वेगळी हवी.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आत्ताच ओरांड्याबरोबर सकर असेल, कॉमेट असेल. त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. आज रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने हळूच टॉर्च लावून बघा, सकर कुठे चिकटला आहे. वेगळं करायची वेळ आली तर आधी जिथून घेतला त्या दुकानात विचारा. बरेच दुकानदार मासा परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. कॉमेटसाठी सोसायटीतला किंवा एखाद्या बंगल्यातला सिमेंटचा हौद चांगला. सकरला मात्र तळ्यात, धरणात, नदीत कधीही सोडू नका. केरळ, आंध्र आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत घरच्या टाक्यांतून गेलेले सकर इतके वाढले आहेत की मच्छीमारांची जाळी त्यांच्या काटेरी अंगाने फाटतात आणि खाण्याजोगे मासे मागे पडतात. त्याला घेणारं कुणीच सापडलं नाही, तर एक स्वतंत्र टाकी, तळाला लाकडाचा ओंडका आणि रात्री काकडीची किंवा दोडक्याची एक चकती, एवढ्यावर तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो.